छोट्या इंजिनाला मोठी चाके : फायदा किती, भार किती?

पहाटेच्या वेळी पुण्याच्या मार्केट यार्डाशी किंवा कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फाटकाशी उभे राहिले, तर मालाने भरलेल्या लहान टेम्पोंची रांग नजरेस पडते. टोमॅटोचे क्रेट, कोथिंबिरीच्या जुड्या, दुधाचे कॅन, लग्नाच्या मांडवाचे साहित्य, कोणाच्या तरी घराचे बिऱ्हाड. शहराला लागणारे असे काही नाही, की जे या 'छोट्या हत्ती'च्या पाठीवरून आलेले नाही. नीट पाहिले, तर या रांगेतील एखादे वाहन शेजारच्या वाहनापेक्षा दोन बोटे उंच वाटते. त्याची चाके कंपनीतून आलेली नसतात. मालकाने गॅरेजात जाऊन जरा मोठे रिम आणि जाड टायर बसवून घेतलेले असतात.

असे का केले, हे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. गाडी खड्ड्यात आपटत नाही, खाली घासत नाही, महामार्गावर बरी पळते आणि दिसायलाही दमदार दिसते. मात्र हाच मालक सहा महिन्यांनी भेटला, तर त्याची तक्रारही ठरलेली असते. घाटात गाडी ओढत नाही, एव्हरेज पडले, क्लच प्लेट लवकर गेली आणि उतारावर ब्रेक जोरात दाबावा लागतो. गंमत अशी, की ही दोन्ही म्हणणी खरी आहेत. चाकाचा आकार हा वाहनाचा केवळ पोशाख नसून त्याच्या यंत्रणेचाच एक भाग आहे, आणि इंजिन जितके लहान, तितका हा भाग नाजूक. हे गणित कसे चालते, ते समजून घेतल्यास हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाचे पुढचे बरेच नुकसान टळू शकते. रस्त्यावर त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या तुम्हा-आम्हालाही त्यात स्वारस्य असायला हवे.

सोळा अश्वशक्तीचा संसार

मे २००५मध्ये टाटा मोटर्सने 'एस' हे वाहन बाजारात आणले, तेव्हा तीनचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामधील रिकामी जागा त्याने भरून काढली. त्याचे मूळ डिझेल इंजिन ७०२ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरचे होते. 'इंडिका' मोटारीच्या १४०५ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाचे जणू अर्धे करून ते सिद्ध केले होते. त्याची शक्ती सुमारे १६ अश्वशक्ती. अधिकृत वाहनक्षमता पाऊण टन, आणि मालासह एकूण वजन सुमारे १५५० किलो. पुढे या वाहनाच्या अधिक शक्तीच्या, पेट्रोलवरील, सीएनजीवरील आणि विजेवरील आवृत्त्याही आल्या. तरीही विवेचनासाठी हे मूळ वाहनच सोयीचे आहे. कारण कमी शक्तीत जास्त काम कसे करून घ्यावे, याचा तो उत्तम नमुना आहे.

हिशेब करून पाहा. पूर्ण भरलेल्या अवस्थेत या वाहनाला टनामागे जेमतेम दहा अश्वशक्ती मिळते. साधी लहान मोटार माणसांनी भरली, तरी तिला टनामागे साठच्या आसपास अश्वशक्ती मिळत असते. म्हणजे मोटारीजवळ शक्तीची शिल्लक भरपूर असते. तिच्या चाकांत थोडा फेरफार केला, तरी ती शिल्लक ते झाकून टाकते. छोट्या टेम्पोजवळ अशी शिल्लक नसते. त्याच्या अभिकल्पकांनी इंजिन, गिअर, मागच्या आसातील दातांचे प्रमाण आणि चाकाचा व्यास यांची जुळणी अगदी काठाकाठाने केलेली असते. बारा इंची रिमचे लहान चाक हे त्या जुळणीतील एक मोहरे आहे. लहान चाकामुळे मालाचा हौदा जमिनीलगत राहतो, चढ-उतार करणाऱ्या हमालाचे श्रम वाचतात, गाडी अरुंद गल्लीत वळते आणि मुख्य म्हणजे इंजिनाच्या हाती तरफेचा लाभ राहतो.

टायरवरील अंकांची भाषा

या वाहनाच्या टायरवर १४५ आर १२ अशी अक्षरे दिसतात. १४५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १२ म्हणजे रिमचा इंचातील व्यास. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या प्रमाणात मोजतात. असे प्रमाण जेव्हा छापलेले नसते, तेव्हा ते साधारण ८२ टक्के धरण्याचा प्रघात आहे. त्यानुसार या चाकाचा एकूण व्यास सुमारे ५४३ मिलिमीटर येतो.

आता गॅरेजात सुचवले जाणारे पर्याय याच पद्धतीने मोजू. १५५ आर १२ टायरचा व्यास ५५९ मिलिमीटर, म्हणजे मूळपेक्षा ३ टक्के अधिक. १५५ आर १३चा ५८४ मिलिमीटर, म्हणजे साडेसात टक्के अधिक. १६५ आर १३चा ६०१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ११ टक्के अधिक. १६५ आर १४चा ६२६ मिलिमीटर, म्हणजे तब्बल १५ टक्के अधिक. ऐकताना 'एकच इंच मोठे' असे वाटणारे रिम जाड टायरसह प्रत्यक्षात चाकाचा व्यास अकरा टक्क्यांनी कसा वाढवते, ते यावरून ध्यानात येईल. पुढील विवेचनात आपण हेच ११ टक्क्यांचे उदाहरण घेऊ.

गिअरच्या पायऱ्या उंच होतात

चाक ही एक तरफ आहे. आसावर येणारी फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, चाकाच्या त्रिज्येने भागली, की रस्त्यावर मिळणारी ओढ निघते. टॉर्क तोच ठेवून त्रिज्या ११ टक्क्यांनी वाढवली, तर ओढ सुमारे १० टक्क्यांनी घटते. विहिरीवरील रहाटाचे उदाहरण घ्यावे. ज्या लाटेवर दोर गुंडाळला जातो, तिची जाडी वाढवली, तर प्रत्येक फेऱ्याला पोहरा अधिक वर येईल खरा. पण रहाट फिरवणाऱ्याच्या हातांना जोरही अधिक लावावा लागेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या चाकांनी इंजिनाची शक्ती कमी होत नाही. ती सोळा अश्वशक्ती होती, तेवढीच राहते. बदलतात त्या गिअरच्या पायऱ्या. जिन्याची प्रत्येक पायरी अकरा टक्क्यांनी उंच केली, तर तरुण माणसाला फरक जाणवणार नाही. डोक्यावर पोते घेतलेल्या हमालाला मात्र तो तिसऱ्याच पायरीवर जाणवेल. छोट्या इंजिनाची अवस्था त्या हमालासारखी असते.

घाटातील परिस्थिती आकड्यांत मांडता येते. भरलेला, १५५० किलोचा टेम्पो दहास एक या चढणीवर, म्हणजे दहा मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर न्यायचा असेल, तर चढण आणि टायरचा रोध मिळून सुमारे १७५० न्यूटन ओढ लागते. इंजिनापासून चाकापर्यंतची गळती वजा जाता रस्त्यावर साधारण १० किलोवॅट शक्ती पोहोचते. या दोन आकड्यांचा भागाकार केला, तर वेग येतो ताशी २० किलोमीटर. यापेक्षा अधिक वेगाने तो टेम्पो ती चढण चढूच शकत नाही. चालक कितीही कुशल असो.

समजा, मूळ चाकांवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची पूर्ण शक्ती नेमकी याच वेगाला मिळत होती. चाके मोठी केल्यावर इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी २२ किलोमीटर व्हायला हवा. पण त्यासाठी ११ किलोवॅट शक्ती हवी आणि ती तर नाही. परिणामी इंजिनाचे फेरे उतरू लागतात, आवाज जड होतो आणि चालकाला पहिला गिअर टाकावा लागतो. तेथे इंजिन ओरडत राहते आणि गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने सरकते. मागे वाहनांची रांग लागते ती वेगळीच. 'गाडी ओढत नाही' या तक्रारीचा यांत्रिक अर्थ हा असा आहे.

पहिला गिअर ही शेवटची पायरी. मूळ चाकांवर भरलेले वाहन पाचास एक, म्हणजे २० टक्क्यांची चढण कशीबशी चढत असेल, तर मोठ्या चाकांवर ती मर्यादा १८ टक्क्यांपर्यंत खाली येते. आकडा लहान वाटतो. पण डोंगरातील वाडीकडे जाणारा अवघड चढ किंवा एखाद्या इमारतीच्या तळघरातील वाहनतळाचा उतार नेमका या दोन टक्क्यांत असतो, आणि गाडी मध्येच अडकते. वाहनात अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त माल भरला असेल, तर ही मर्यादा आणखी खाली जाते.

याची किंमत सर्वांत आधी क्लच प्लेट मोजते. थांबलेली गाडी हलवताना क्लच काही काळ घसरत असतो आणि त्या घसरण्यातून उष्णता निर्माण होते. सपाटीवर ही उष्णता क्लच पूर्ण लागतो त्या क्षणीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चाक ११ टक्क्यांनी मोठे झाले, की तो वेग ११ टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक सुरुवातीला क्लचमध्ये जिरणारी उष्णता सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. चढणीवर ती त्याहूनही अधिक. सिग्नलमागून सिग्नल ओलांडत दिवसभर शहरात फिरणाऱ्या आणि चढावर 'हाफ क्लच'वर उभ्या राहणाऱ्या टेम्पोची प्लेट लवकर का झिजते, याचे कोडे येथे सुटते.

खरी परीक्षा उतारावर

ओढ कमी झाली, तर फार तर गाडी अडेल. ब्रेक कमी पडले, तर मात्र जिवाशी गाठ असते. मोठ्या चाकांच्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो. वास्तविक तो पहिला असायला हवा.

ब्रेक ड्रममध्ये लायनर घासून जो रोधक टॉर्क निर्माण होतो, तोही रस्त्यापर्यंत चाकाच्या त्रिज्येने भागूनच पोहोचतो. म्हणजे पेडल तेवढेच दाबले, तर गाडीला मागे खेचणारे बल १० टक्क्यांनी कमी मिळते. रिकामी गाडी असेल, तर चालक पाय थोडा अधिक दाबून ही तूट भरून काढतो, कारण तेथे मर्यादा टायरच्या पकडीची असते. भरलेल्या गाडीत मात्र मर्यादा ब्रेकची असते. जी गाडी पूर्वी २० मीटरमध्ये थांबत होती, ती आता २२ मीटर घेते. रस्त्यात अचानक आलेल्या शाळकरी मुलाच्या दृष्टीने हे दोन मीटर म्हणजे सर्व काही असते.

लांब घाटात तर प्रश्न आणखी बिकट होतो. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो, पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ दिवे घाटाने पुण्यात येते. म्हणजे या मार्गांवर गाडी भरलेली असताना उतरत असते आणि चढते ती बहुधा रिकामी. चालकाला वाटते, की चढणीचा त्रास रिकाम्या गाडीला कितीसा होणार? पण भरलेल्या गाडीची उंचीवर साठलेली ऊर्जा उतारावर कोठेतरी जिरवावीच लागते. १५५० किलोचे वाहन १०० मीटर खाली उतरले, की साडेचार लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापवता येईल एवढी उष्णता निर्माण होते. घाट पाचशे मीटरचा असेल, तर बावीस-तेवीस लिटर. हा सारा चटका चार लहान ब्रेकना सोसायचा असतो, नाही तर तो इंजिनाने वाटून घ्यायचा असतो.

जाणता चालक घाट उतरताना खालचा गिअर टाकतो, तो याचसाठी. ॲक्सिलरेटर सोडलेले इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. मोठ्या चाकांमुळे या मदतीलाही कात्री लागते. कारण रस्त्याच्या त्याच वेगाला इंजिन आता कमी फेरे घेते आणि त्याचा रोध रस्त्यापर्यंत पोहोचतानाही त्रिज्येमुळे घटतो. म्हणजे इंजिनाचा वाटा कमी होतो आणि तेवढा ब्रेकचा वाढतो. लायनर प्रमाणाबाहेर तापले, की त्यांची पकड सुटू लागते. पेडल दाबले जाते, पण गाडी थांबत नाही. जळका वास येऊ लागल्यावर गाडी बाजूला घेऊन थांबणे हाच त्या वेळी शहाणपणा असतो.

मीटर खोटे बोलू लागतो

टेम्पोचा वेगमापक गिअरबॉक्समधून फेरे मोजतो. चाक केवढे आहे, हे त्याला ठाऊक नसते. चाक ११ टक्क्यांनी मोठे असेल, तर मीटरवर ६० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ६६ किलोमीटर वेगाने धावत असते. वेगमर्यादेच्या कॅमेऱ्यात सापडलेला चालक शपथेवर सांगतो, की काटा मर्यादेच्या आतच होता. तो खोटे बोलत नसतो. त्याचा मीटर खोटे बोलत असतो.

अंतराचेही तसेच. मीटरवर १० हजार किलोमीटर झाले म्हणून तेल बदलायला नेलेली गाडी प्रत्यक्षात ११ हजारांवर गेलेली असते. एव्हरेजच्या बाबतीत तर मोठी फसगत होते. समजा, गाडी २०० किलोमीटर चालली आणि १० लिटर डिझेल लागले. खरे एव्हरेज २०चे. पण मीटर केवळ १८० किलोमीटर दाखवील आणि मालक म्हणेल, 'एव्हरेज दोनने पडले.' मोठ्या टायरचे वाढीव वजन, शहरातील थांबे आणि खालच्या गिअरचा वाढता वापर यांमुळे प्रत्यक्षातही काही घट होतेच. पण ती किती, हे जाणून घ्यायचे असेल, तर मीटरवर विसंबून चालणार नाही. मैलाच्या दगडांवरून किंवा मोबाइलमधील नकाशावरून अंतर मोजूनच तुलना करायला हवी.

मोठे म्हणजे मजबूत नव्हे

टायर जितका मोठा, तितका तो जास्त वजन पेलतो, ही समजूत सर्वाधिक घातक आहे. टायर किती वजन पेलील, हे त्याच्या बांधणीवर आणि हवेच्या दाबावर ठरते. छोट्या टेम्पोचे टायर हलक्या ट्रकसाठीचे असतात. त्यांवर 'एलटी' आणि '८ पीआर' अशी अक्षरे असतात. 'पीआर' हा मजबुतीचा दर्जा आहे. याउलट १३ इंची रिमवर बसणारे बरेच टायर मोटारींसाठी बनवलेले असतात. जुन्या बाजारात ते स्वस्त मिळतात आणि रिमवर व्यवस्थित बसतात, म्हणून टेम्पोला लावले जातात.

टायरच्या बाजूवर आकाराच्या पुढे एक भारनिर्देशांक छापलेला असतो. ८३ म्हणजे एका टायरवर ४८७ किलो, ८६ म्हणजे ५३० किलो. भरलेल्या टेम्पोच्या मागच्या आसावर एकूण वजनाचा मोठा वाटा येतो. प्रत्येक मागच्या टायरला पाच क्विंटलच्या आसपास भार सोसावा लागतो. अशा वेळी ८३ निर्देशांकाचा जाडजूड, भारदस्त दिसणारा मोटारीचा टायर त्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर किंवा पलीकडे असतो. उन्हाळ्यातील तापलेल्या डांबरावर हाच टायर भिंतीतून फुटतो. दिसायला लहान असलेला मूळ टायर त्या कामासाठी अधिक समर्थ असतो.

जुना टायर घेणाऱ्याने आणखी एक खूण पाहावी. बाजूवरील लंबवर्तुळात चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शाबूत असली, तरी वय झालेले रबर भेगाळते.

यानंतर प्रश्न येतो जागेचा. रिकाम्या गाडीत मोठे चाक मडगार्डखाली ऐटीत फिरते. पण माल भरला आणि पाटे दबले, की खड्ड्यात टायर वरच्या पत्र्याला घासतो. पूर्ण वळण घेताना पुढचा टायर चासीला किंवा ब्रेकच्या नळीला लागतो. नळी घासून तिला छिद्र पडले, तर पुढे काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. चाक बाहेरच्या बाजूला सरकवणारे रिम बसवले, तर घासणे थांबते. मात्र चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण वाढतो.

मग लाभ कोणाचा?

एवढे ऐकल्यावर मोठी चाके सर्वथा निरुपयोगी आहेत, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. व्यास ११ टक्क्यांनी वाढला, की गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे २९ मिलिमीटर वर उचलले जाते. शेतरस्त्यावर, चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर हा सव्वा इंच कामाचा असतो. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते. एका किलोमीटरला मूळ चाक ५८६ फेरे घेते, तर मोठे ५३०. त्यामुळे टायरची झीज थोडी मंदावते. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला इंजिनाचे फेरे कमी राहतात, गोंगाट घटतो.

तेव्हा ज्याचा माल आकाराने मोठा पण वजनाने हलका आहे, उदाहरणार्थ पाव, कुरमुरे, थर्माकोल, रिकामे क्रेट, आणि ज्याचा मार्ग बहुतांशी सपाट आहे, त्याला माफक मोठ्या चाकांचा लाभ होऊ शकतो. ज्याच्या हौद्यात सिमेंट, फरशी, पाण्याचे जार किंवा टोमॅटो आहेत आणि ज्याच्या वाटेवर घाट आहे, त्याच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा आहे. दुर्दैवाने उंच चाकांचा मोह अधिक होतो तो या दुसऱ्या वर्गाला. कारण त्याचीच गाडी खड्ड्यात अधिक आपटते.

जगभरातील हौशी मंडळींनी यावर एक शास्त्रशुद्ध उपाय शोधला आहे. चाक मोठे करायचे, तर त्याच प्रमाणात गिअरही बदलायचे. आपल्याकडे 'जिप्सी' म्हणून ओळखल्या गेलेल्या वाहनाची भावंडे अमेरिकेत 'सामुराई' या नावाने १९८५ ते १९९५ या काळात विकली गेली. त्यांचे इंजिन अवघे १.३ लिटरचे. डोंगरवाटांसाठी मोठी चाके लावणारे तेथील लोक ट्रान्स्फर केसमध्ये अधिक खालचे गिअर बसवून घेतात आणि हरवलेली तरफ परत मिळवतात. टेम्पोच्या बाबतीत याचा अर्थ मागच्या आसातील क्राउन-पिनियनचे प्रमाण बदलणे. मूळ प्रमाण समजा साडेचारास एक असेल, तर ११ टक्क्यांच्या वाढीसाठी ते पाचास एक करावे लागेल. त्यामुळे ओढ परत येते आणि इंजिनाचा उतारावरील आधारही परत येतो. परंतु ब्रेक परत येत नाहीत. कारण ते या दातांच्या पलीकडे, थेट चाकावर काम करतात. शिवाय असा जोड प्रत्येक वाहनासाठी मिळतोच असे नाही, आणि मिळाला तरी भाड्याच्या धंद्यात तो खर्च परवडणे कठीण.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८मधील कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. २०१९च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालवाहू वाहनांच्या नोंदणीच्या विहित नमुन्यात तर आसांवरील वजनाबरोबर टायरची संख्या आणि आकार यांचाही रकाना आहे. साहजिकच 'पासिंग'च्या वेळी निरीक्षकाला हा बदल दिसतो. अनेक मालक त्या दिवसापुरती जुनी चाके उसनी आणून लावतात. पण अपघात पासिंगचा दिवस पाहून होत नाही. आणि अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस चाकांकडे पाहतो, तेव्हा उसनवारीला वेळ उरलेला नसतो.

मालवाहू टेम्पोच्या मालकाला यावर विचारावेसे वाटेल, की खड्डे रस्त्यात आणि दंड आम्हाला का? या प्रश्नात तथ्य आहे. रस्ते बरे असते, तर चाके उंच करण्याची वेळ निम्म्या लोकांवर आली नसती. तथापि खड्ड्यावरचा उपाय म्हणून ब्रेकची ताकद गहाण ठेवणे हा व्यवहार त्याच्या हिताचा नाही.

बदल करण्यापूर्वी...

गाडी खाली आपटते, अशी तक्रार असेल, तर प्रथम पाटे तपासावेत. वर्षानुवर्षे भार सोसून ते बसलेले असतात. ते बदलले किंवा मिस्त्रीकडून पुन्हा वाकवून घेतले, तर हरवलेली उंची विनासायास परत मिळते. दुसरे, टायरमधील हवा. वाहनासोबत आलेल्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी जो दाब सांगितला आहे, तो टायर थंड असताना तपासावा. कमी हवेचा टायर बुटका होतो, तापतो आणि डिझेलही खातो. तिसरे, माल. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन भरायचा आणि मग ती घासते म्हणून चाके मोठी करायची, हा उपाय नसून दुखणे वाढवणे आहे. जादा भारासाठी कायद्यात किमान वीस हजार रुपये दंड आहे, हेही विसरता कामा नये. रोजचाच माल जास्त असेल, तर पुढच्या वर्गातील वाहन घेणे दीर्घकाळात स्वस्त पडते.

एवढे करूनही टायर बदलायचाच असेल, तर पुस्तिकेत उत्पादकाने पर्यायी आकार दिला आहे का, ते पाहावे. व्यासातील वाढ दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये, भारनिर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा आणि एका आसावर दोन वेगळ्या आकारांचे टायर कधीही लावू नयेत. बसवल्यानंतर गाडीत पूर्ण माल भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर कोठे घासत नाही ना, याची खात्री करावी. आणि घाटात उतरण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर भरलेली गाडी थांबवून पाहावी.

पाच पैसे वाचवून चार पैसे कमावणाऱ्या माणसाच्या हातातील हे वाहन आहे. त्याच्या अभिकल्पकांनी सोळा अश्वशक्तीत पाऊण टन ओझे घाट चढवून आणि सुखरूप उतरवून दाखवले, ते चाकाच्या प्रत्येक इंचाचा हिशेब ठेवून. गॅरेजात अर्ध्या तासात तो हिशेब मोडता येतो; त्याची थकबाकी मात्र प्रत्येक चढावर आणि प्रत्येक उतारावर भरावी लागते.